निक्सी बोर्ड कशाचा? उत्तर रीसेटच्या पिनांवर

जुन्या सामानात कधीतरी एखादा बोर्ड हाती लागतो. त्यावर काचेच्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत तारेचे ० ते ९ आकडे एकामागे एक बसवलेले असतात. या निक्सी नळ्या. बरोज कंपनीने त्या १९५५ मध्ये बाजारात आणल्या. आकडे दाखवणं एवढंच नळ्यांचं काम, त्यामुळे बोर्ड घड्याळाचा आहे की मोजणीयंत्राचा हे नळ्यांवरून कळत नाही. ते मागच्या आयसींच्या (चिपांच्या) जोडणीवरून कळतं.

लगेच वीज देऊ नका. नळी पेटायला साधारण १७० व्होल्ट डीसी लागतात. वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते उरू शकतात, आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. मीटरने व्होल्टेज मोजा, असेल तर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि पुन्हा मोजा.

मग आयसींचे नंबर लिहून घ्या. इथे एक चकवा आहे. ७४३२ हा आयसीचा नंबर असू शकतो, तसाच १९७४ च्या ३२ व्या आठवड्यात बनल्याचा शिक्काही. आयसीवर दोन नंबर असतील तर दोन्ही टिपा. ७४१४१ किंवा सोव्हिएत के१५५आयडी१ दिसला, तर तो नळीचा ड्रायव्हर, म्हणजे आकडे पेटवणारा आयसी. ७४७५ आकडा धरून ठेवतो, ७४९० मोजतो.

खरी गोष्ट कळते ७४९० वर. मीटर बीपवर (जोडणी तपासायच्या खुणेवर) ठेवा आणि पिन २ व ३ कुठे जातात ते शोधा. या रीसेटच्या पिना, म्हणजे मोजणी शून्यावर आणणाऱ्या. त्याच आयसीच्या ९ आणि ८ ला जोडल्या असतील, तर तो सहावर पोचताच शून्य होतो. असे सहाचे भाग एकाआड एक दिसले, तर बहुधा घड्याळच: सेकंद आणि मिनिटांचा दशक पाचच्या पुढे जात नाही. सगळ्या ७४९० च्या रीसेट पिना एकाच तारेवर असतील, सोबत ७४७५ ची रांग आणि १ किंवा १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (ठरलेल्या वेगाने ठोके देणारा) असेल, तर फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे सेकंदाला किती ठोके ते मोजणारं यंत्र, समजा. डावीकडच्या नळीत फक्त + आणि − असतील, तर व्होल्टमीटरचा संशय घ्या.

५ व्होल्ट देताना बरीच माणसं फसतात. १४ पिनांच्या बहुतेक टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४ मालिकेच्या) आयसींना वीज १४ व ७ वर मिळते. ७४९० ला मात्र ५ वर, आणि ग्राउंड १० वर. ७४१४१ चं ग्राउंड १२ वर. ७४९०, ७४७५ आणि ७४१४१ तिन्ही असलेल्या सहा आकड्यांच्या बोर्डाला सुमारे अर्धा अँपिअर लागतो. पॉवर सप्लायची मर्यादा त्याच्या थोडी वर ठेवा.

बोर्डावर ७४९० आणि ७४७५ दोन्ही नसतील आणि ७४१४१ च्या आकडा घेणाऱ्या पिना ३, ६, ७, ४ थेट कडेच्या कनेक्टरला जात असतील, तर तो नुसता दर्शक. त्याला दोन्ही व्होल्टेज दिले तरी काही दिसणार नाही, आणि नळ्या मेल्या असं वाटेल. प्रत्यक्षात टीटीएलची मोकळी पिन १ धरली जाते, चारही मोकळ्या म्हणजे बायनरीत ११११, अर्थात १५, आणि १० ते १५ ला ७४१४१ नळी विझवूनच ठेवतो. चारही पिना ग्राउंड केल्या की ० पेटतो. त्यातली ३ नंबरची मोकळी सोडली की १.