जाड-बारीक रेषांचे देखणे अक्षर : निवडण्यापूर्वी वाचावे असे काही

सन्माननीय ग्राहक,

लग्नपत्रिका, मेनूकार्ड किंवा कोकम आगळाच्या बाटलीवरचे लेबल करून घेण्यासाठी रत्नागिरीतील आमच्या छापखान्यात येणारे बरेच ग्राहक मोबाइलवर एखाद्या फॅशन मासिकाचे मुखपृष्ठ दाखवून ‘आम्हाला असेच अक्षर हवे’ असे सांगतात. त्या रोमन अक्षरात उभ्या रेषा ठसठशीत जाड असतात, आडव्या रेषा अगदी बारीक असतात आणि रेषांच्या टोकांना सेरिफ म्हणजे छोटी, सरळ, नाजूक पट्टी असते. हे अक्षर सुंदर आहे आणि आम्ही ते आनंदाने वापरतो. मात्र त्याला मोठा आकार, गुळगुळीत कागद आणि भोवती भरपूर मोकळी जागा लागते, व तिन्ही गोष्टी मिळणार नसतील तर दुसरे अक्षर सुचवणे आम्ही आमचे काम समजतो.

कागदाची ही अट नवी नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल या मुद्रकाने १७५७ मध्ये आपला पहिला ग्रंथ छापला तेव्हा बारीक रेषा स्वच्छ उमटाव्यात म्हणून त्याने शाई सुधारली आणि छापलेले कागद तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. पुढे पॅरिसमध्ये दिदो घराण्याने आणि पार्मा येथे जांबातिस्ता बोडोनी याने जाड व बारीक रेषांच्या जाडीतला फरक टोकाला नेला. ‘दिदो’ आणि ‘बोडोनी’ ही नावे आज फॉन्टच्या यादीत दिसतात ती त्यांचीच.

शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या धातूच्या ठशांच्या काळात प्रत्येक आकाराचे अक्षर स्वतंत्र कोरले जाई, त्यामुळे लहान आकारातल्या बारीक रेषा मुद्दाम थोड्या जाड ठेवता येत. संगणकावर मात्र एकच अक्षर बहुधा लहान-मोठे केले जाते. मथळ्यासाठी काढलेले असे अक्षर ८ पॉइंटात (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) लावले की त्याची आडवी रेघ ०.१ मिलिमीटरपेक्षाही बारीक होते, आणि छपाईत ती तुटते किंवा उमटतच नाही. मग ‘e’ हा ‘c’सारखा दिसू लागतो. ज्या फॉन्टच्या नावात ‘डिस्प्ले’ हा शब्द आहे, उदाहरणार्थ २०११ मध्ये आलेला ‘प्लेफेअर डिस्प्ले’, तो शीर्षकासाठीच आहे असे समजावे. आम्ही असे अक्षर साधारण २४ पॉइंटांच्या पुढे लावतो. पत्ता, घटक पदार्थ, वजन, किंमत आणि मुदत यांसाठी साधे, सारख्या जाडीचे अक्षर घेतो.

आंब्याच्या पेटीबाबत आमचे मत अधिक कडक आहे. पेटीचा तपकिरी पुठ्ठा शाई शोषतो, त्याच्या आतल्या पन्हाळीदार थराच्या नळ्यांमुळे दाब सगळीकडे सारखा बसत नाही, आणि ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ हे नाव वाशीच्या बाजारात थप्पीत रचलेल्या पेटीवर लांबून वाचता यायला हवे. तेथे नाजूक रेषा शोभत नाहीत. तेच अक्षर आंबापोळीच्या छोट्या भेट-खोक्यावर, आर्टकार्डावर म्हणजे गुळगुळीत जाड कागदावर, एकाच गडद शाईत छापले तर फार खुलते. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर हवे असल्यास सगळ्यात बारीक रेघ निदान अर्धा पॉइंट, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर असावी, कारण चारही बाजूंनी पसरणारी शाई ती रेघ गिळून टाकते. रंग चार शायांच्या मिश्रणातून करायचा असेल तर एखाद्या शाईची प्लेट किंचित सरकली तरी रेघेला रंगीत कडा येतात.

मराठी मजकुराचा विचार वेगळा करावा लागतो. देवनागरीतले जाड-बारीकपण तिरक्या कापलेल्या बोरूतून आले आहे आणि त्याचा कल रोमन लेखणीच्या उलट आहे. उभी रेघ जाड व आडवी बारीक हा बोडोनीचा नियम देवनागरीवर जसाच्या तसा लादला तर शिरोरेषाच पुसट होते आणि काने सुटे खांब उभे केल्यासारखे दिसतात. दोन्ही लिप्यांमध्ये ठळक जाड-बारीकपण असलेला ‘रोझा वन’ हा फॉन्ट मोठ्या मथळ्याला चांगला दिसतो. निमंत्रणाच्या मजकुराला मात्र आम्ही ‘टिरो देवनागरी मराठी’सारखे शांत वळण पसंत करतो. फॉन्ट कोणताही असो, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, आणि ‘वऱ्हाडी’ या शब्दातला र नीट जोडला जातो ना, हे आधी तपासावे. इंग्रजी नाव व मराठी नाव शेजारी असतील तर दोन्हींचा पॉइंट-आकार सारखा ठेवून भागत नाही, डोळ्यांना सारखे दिसतील असे ते जुळवावे लागतात.

होमस्टेच्या पाटीसाठी ॲक्रिलिक किंवा पत्र्यातून सुटी अक्षरे कापून घेणार असाल तर बारीक जोड खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात फार दिवस टिकत नाहीत, म्हणून असे अक्षर पाटीवर छापूनच घ्यावे.

वर उल्लेखलेले प्लेफेअर, रोझा आणि टिरो हे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे असून व्यवसायासाठी विनामूल्य वापरता येतात. बोडोनीचे मूळ वळण जुने असले तरी त्याच्या प्रत्येक संगणकीय आवृत्तीचा परवाना वेगळा असतो. आपण स्वतः फॉन्ट आणणार असाल तर त्याचा परवानाही सोबत आणावा. प्रूफ म्हणजे छपाईपूर्वीची तपासणी-प्रत मोबाइलवर मोठे करून पाहू नये. ठरलेल्या कागदावर, प्रत्यक्ष आकारात काढलेली प्रत आम्ही देतो. ती हातभर अंतरावर धरून घरातल्या वडीलधाऱ्यांकडून चष्म्यासह व चष्म्याविना वाचून घ्यावी आणि त्यानंतरच सही करावी.