गवत वाढलंय, पण जमीन तयार आहे का?

पावसाळ्यातली गोची अशी, की गवत सगळ्यात जोमात वाढतं तेव्हाच त्याखालची जमीन सगळ्यात मऊ असते. मंगल कार्यालयाचं लॉन असो, शाळेचं मैदान असो की फार्महाउससमोरची एकरभर हिरवळ, ढकलायच्या यंत्राने एवढं गवत कापायला अख्खा दिवस जातो. म्हणून मिनी ट्रॅक्टरच्या मागे कापणी यंत्र जोडून काम उरकतात. दुसऱ्या दिवशी बघावं तर हिरवळीत चाकांच्या दोन चाकोऱ्या उमटलेल्या, आणि त्यात पाणी साचलेलं. मग सगळं खापर ट्रॅक्टरच्या वजनावर फुटतं. माझ्या मते आरोपींच्या यादीत वजनाचा नंबर तिसरा. पहिली ओल, दुसरी टायरमधली हवा.

हवेपासून सुरुवात करू, कारण तिचा हिशेब सोपा आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने त्याच्या आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो; टायरच्या कडकपणामुळे थोडा जास्त. समजा 800 किलोचा मिनी ट्रॅक्टर आहे, 180 किलोचं यंत्र आहे आणि 70 किलोचा चालक. त्यातले 330 किलो मागच्या एका चाकावर येतात असं धरू. टायरमध्ये 20 पीएसआय हवा असेल, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1.4 किलो दाब पडतो आणि टायर जेमतेम 235 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा साडेअकरा पीएसआयवर आणली की दाब 0.8 किलो होतो आणि टेकण्याची जागा 400 चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. वजन तेवढंच, फक्त टायर बसका झाला.

याचा फायदा किती खोलवर पोचतो? जमिनीवरचं ओझं खाली कसं पसरतं, याचं गणित फ्रेंच शास्त्रज्ञ बूसिनेस्क यांनी 1885 मध्ये मांडलं. ते वरच्या आकड्यांना लावून पाहिलं. 5 सेंटिमीटर खोलीवर कडक टायरचा दाब 1.2 किलो येतो आणि मऊ टायरचा 0.75. म्हणजे हिरवळीच्या मुळांचा मुख्य पसारा असतो त्या थरात मोठा फरक पडतो. पण 30 सेंटिमीटर खोलीवर दोन्ही जवळपास सारखेच: 0.16 आणि 0.15. तिथे हवेची मात्रा चालत नाही, एका चाकावर एकूण किती ओझं आहे एवढंच चालतं. चाकावर 700 किलो येणारा मोठा ट्रॅक्टर 14 पीएसआयच्या मऊ टायरवर आणला, तरी त्याच खोलीवर 0.28 किलो दाब देतो. खरी माती या गणितातल्या आदर्श पदार्थासारखी वागत नाही. ती जितकी ओली, तितका दाब चाकाच्या बरोबर खाली एकवटतो. तरी कल मात्र हाच राहतो. छोट्या ट्रॅक्टरचा खरा फायदा वर दिसतच नाही, तो फूटभर खाली असतो. तिथली माती एकदा दबली की ती मोकळी करायला साधं अवजार पोचत नाही.

हवा कमी करायची म्हणजे वाट्टेल तेवढी नाही. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या ओझ्याला जी किमान हवा दिलेली असते, तिच्या खाली गेलं की टायर रिमवर फिरतो, वळणावर निसटूही शकतो. आणि पुढच्या चाकांकडे दुर्लक्ष नको. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाकं अरुंद असतात, अनेकदा पहिली चाकोरी तीच पाडतात.

आता ओल. माती म्हणजे निम्मे कण आणि निम्मी पोकळी. त्या पोकळीत काही भाग पाणी, काही भाग हवा. कोरड्या मातीत कण एकमेकांना घट्ट धरून असतात, चाक गेलं तरी हलत नाहीत. थोडी ओल आली की पाणी वंगणाचं काम करतं, कण सरकतात आणि हवेची जागा बळकावतात. अमेरिकन अभियंता रॅल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये धरणांच्या भरावासाठी हेच मोजलं: प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते, जिच्यावर ती सगळ्यात घट्ट दबते. त्याहून जास्त पाणी असेल तर पोकळी आधीच भरलेली असते, पाणी काही दाबलं जात नाही, आणि माती चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर उचलली जाते. चाकोरीच्या कडेला जो उंचवटा दिसतो तो हाच.

दोन्ही परिस्थितींत नुकसान आहे, पण वेगवेगळं. ओलसर जमिनीवर चाकोरी दिसत नाही आणि माती मुकाट्याने दबते. गवत महिनाभराने पिवळं पडायला लागतं. चिखलात नुकसान लगेच दिसतं. शिवाय चाक जागेवर फिरलं की मातीचे कण मळले जातात, त्यांची रचना मोडते आणि वर एक गुळगुळीत लेप बसतो, ज्यातून पाणी झिरपत नाही. कोकणातला शेतकरी भाताच्या खाचरात चिखलणी करून मुद्दाम हेच घडवून आणतो, कारण त्याला पाणी उभं ठेवायचं असतं. क्रिकेटचा क्युरेटर खेळपट्टीची ओल बरोबर साधून जड रोलर फिरवतो, कारण त्याला माती घट्ट हवी असते. हिरवळवाल्याला यातलं काहीच नको असतं. मुळांना प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो.

म्हणून वापसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून जमीन कामाजोगी होईपर्यंत, थांबायचं, जे शेतकरी पेरणीआधी करतोच. अडचण अशी की हिरवळीवर वापसा डोळ्यांना दिसत नाही. वरचं गवत उन्हाने कोरडं झालेलं असतं, बूट भिजत नाहीत, आणि बोटभर खाली पाणी असतं. आपल्याकडच्या बऱ्याच लॉनची बनावट यात भर घालते: मूळच्या काळ्या जमिनीवर चार-सहा इंच लाल माती आणि शेणखत अंथरून गवत लावलेलं असतं. लाल थरातून पाणी भराभर उतरतं आणि काळ्या मातीवर येऊन अडतं. दोन दिवस उघडीप मिळाली की वरून सगळं आलबेल वाटतं.

तपासायला खुरपं पुरतं. कडेच्या एका जागी वीतभर खणा, तिथली चिमूटभर माती तळहातावर घ्या आणि दुसऱ्या हाताने तिची वळी करा. वळी आगपेटीच्या काडीपेक्षा किंचित जाड, साधारण 3 मिलिमीटर होईपर्यंत न तुटता लांबत गेली, तर ट्रॅक्टर शेडमध्येच राहू दे. त्या जाडीला येण्याआधीच तिचे तुकडे पडले, तर काढायला हरकत नाही. चाचणी घरगुती वाटते, पण स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट आटरबर्ग यांनी 1911 मध्ये मांडलेली ही कल्पना मृदा प्रयोगशाळांत आजही वापरात आहे. रेताड मातीची मात्र वळी होतच नाही, तिथे ही चाचणी लागू पडत नाही. खड्डा झाडाच्या सावलीत किंवा टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ घ्यावा, कारण ट्रॅक्टर रुततो तो तिथेच.

थांबल्यामुळे गवत गुडघ्याला लागलं तर? एका कापणीत उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये, हा जुना नियम इथे कामी येतो. पहिल्यांदा पातं वर ठेवून कापा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. फेऱ्या दुप्पट होतात हे खरं, पण वापशावरच्या दोन फेऱ्या चिखलातल्या एकीपेक्षा परवडल्या.

चालवताना बहुतेक नासधूस वळणावर होते. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित वेगाने फिरवलेली असतात, त्यामुळे वळताना टायर गवत सोलून काढतो. सपाट हिरवळीवर ते बंद ठेवा, डिफरन्शियल लॉकला (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरायला लावणाऱ्या कळीला) हात लावू नका, आणि शेतातल्या सवयीने एका बाजूचा ब्रेक दाबून गर्रकन वळू नका. शेतातले उंच नक्षीचे टायर चिखलात पकड घेतात ते हिरवळ फाडूनच. रुंद, बारीक नक्षीचे टर्फ टायर मिळत असतील तर त्यांच्यावर खर्च करावा. नांगरटीसाठी टायरमध्ये भरलेलं पाणी आणि पुढे लावलेली वजनं कापणीला बहुधा लागत नाहीत. पण उतार असेल, किंवा मागचं यंत्र उचलल्यावर पुढची चाकं हलकी होत असतील, तर वजनं काढू नका. तिथे हिरवळीपेक्षा चालकाचा जीव मोठा. मऊ कडेला एक चाक खचलं की छोटा ट्रॅक्टर सहज कलंडतो. चालकाला वाचवणारी संरक्षक कमान उभी आणि सीटचा पट्टा बांधलेला हवा.

एकाच मार्गाने जावं की दर वेळी मार्ग बदलावा, यावर मात्र मतभेद आहेत. माती सगळ्यात जास्त दबते ती पहिल्याच फेरीत, म्हणून शेतीत चाकांचे कायमचे पट्टे ठरवणं शहाणपणाचं मानतात: पट्ट्यांचा बळी द्यायचा आणि बाकी रान वाचवायचं. हिरवळीत पट्टे ठेवले तर ते उघडे पडतात, म्हणून तिथे दर खेपेला दिशा बदलतात. मला विचाराल तर वापसा सांभाळला असेल तरच दिशा बदला. ओल्यात फिरून दिशा बदलणं म्हणजे सगळ्याच मैदानाला थोडं थोडं बिघडवणं.

चाकोरी पडलीच तर तिच्यावर रोलर फिरवायचा मोह आवरा. उंचवटा बसतो, पण खालची माती आणखी दबते. वापसा आल्यावर काट्यांचं फावडं (गार्डन फोर्क) चाकोरीच्या कडेने खुपसून माती खालून हलकेच उचलावी, मग पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडून त्यात वाळू आणि शेणखत भरावं. काळी माती एरवी स्वतःच बरीचशी सावरते: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि या फुगण्या-आकसण्यात दबलेले थर सुटे होतात. लग्नसराईत मे महिनाभर रोज पाणी मारलेल्या लॉनला भेगा कधी पडतच नाहीत, त्यामुळे तिथे ही दुरुस्ती हातानेच करावी लागते.