दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला आला कुठून?

मधल्या वेळच्या खाण्याबद्दल दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे दर दोन-तीन तासांनी थोडेसे खा, पोट रिकामे ठेवू नका. दुसरा म्हणजे दोन जेवणांच्या मध्ये काही तोंडात टाकू नका. दोन्ही वैद्यकातूनच आले आहेत, पण वेगवेगळ्या आजारांच्या दारांनी. दातांच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते मधुमेहाच्या डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि हृदयरोगवाल्यांचे म्हणणे तिसरेच होते. पुढे हे सगळे एकाच ताटात वाढले गेले आणि आजारी नसलेल्या माणसानेही ते स्वतःला लागू करून घेतले.

फार मागे जाण्याचे कारण नाही. कारखान्यांच्या पाळ्यांनी आणि शाळांच्या घंटांनी जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या, आणि मधल्या वेळचे खाणे ‘मधले’ ठरले ते त्यानंतर. खरा बदल घडवला तो वेष्टनाने. 1912 च्या सुमारास सेलोफेन आला, पण त्यातून ओल आत जाई. 1927 मध्ये ओल न धरणारा सेलोफेन निघाला आणि कुरकुरीत पदार्थ महिनोन् महिने कुरकुरीत राहू लागला. तोवर खायचे तर कुणीतरी चुलीपाशी उभे राहावे लागे. पाकिटाने ती अट काढून टाकली. खाणे खिशात, टेबलाच्या खणात, गाडीत जाऊन बसले. आज ज्याला आपण अधेमधे खाणे म्हणतो त्यातले बहुतेक या सोयीचे अपत्य आहे.

सर्वांत भक्कम पुरावा दातांबाबत मिळाला, आणि तो ज्या रीतीने मिळवला गेला ती आज कुणी खपवून घेणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमधल्या एका संस्थेत, मतिमंद म्हणून ठेवलेल्या रहिवाशांवर काही वर्षे प्रयोग झाले. काहींना साखर जेवणाबरोबर दिली, काहींना मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या जेवणांच्या मध्ये दिल्या. एका गटाला तर दिवसाला 24. संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता आणि खर्चाचा काही भाग मिठाई-साखर उद्योगाने उचलला होता. 1954 मध्ये निष्कर्ष छापून आले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने किडण्यात फारसा फरक पडला नाही, पण मधल्या वेळी चिकट गोड खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. कारण 1940 च्या दशकातच कळले होते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत दातांवरच्या थराचा पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली घसरतो, दाताचे खनिज विरघळू लागते, आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा ते एक तास लागतो. अर्ध्या-अर्ध्या तासाने काहीतरी चघळले तर दात सावरायला उसंतच मिळत नाही. इथे किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. मधल्या वेळच्या खाण्याच्या साऱ्या इतिहासात ‘किती वेळा’ या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर दुसरीकडे कुठेही मिळालेले नाही.

मधुमेहाची गोष्ट उलटी. 1946 मध्ये मध्यम गतीचे इन्सुलिन तयार झाले. सकाळी टोचले की त्याचा जोर दुपारनंतर चढे, रात्री टोचले की मध्यरात्रीनंतर. त्या वेळी पोटात काही नसेल तर साखर धाडकन खाली येई. म्हणून रुग्णाला घड्याळ लावून खायला सांगितले गेले: दुपारी चारला काहीतरी, झोपताना काहीतरी. पाठोपाठ आलेल्या साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनाही हीच भीती चिकटलेली होती. म्हणजे हे खाणे शरीरासाठी नव्हे, औषधासाठी होते. 2000 नंतर दिवसभर सपाट चालणारी इन्सुलिने हाती आली आणि बऱ्याच रुग्णांची ही गरज उरली नाही. पण दरम्यान दोन पिढ्यांनी घरातल्या मधुमेही माणसाला ठरल्या वेळी खाताना पाहिले होते, आणि ‘वेळेवर थोडे खाल्ले की साखर ताब्यात राहते’ हे वाक्य औषधाचा संदर्भ गाळून घरोघर पोचले होते.

आता मुख्य वाद. वारंवार खाल्ल्याने वजन उतरते का?

1964 मध्ये प्रागमधल्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या राजधानीतल्या, साठीच्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसातून कमी वेळा जेवणारे अधिक जाड आणि अधिक कोलेस्टेरॉलचे निघाले. कल्पना तिथून सुटली, पण तिला खरे बळ आले 1989 मध्ये, टोरोंटोतल्या एका प्रयोगाने. त्यात सात पुरुष होते. अन्न तेच, प्रमाण तेच. दोन आठवडे ते तीन जेवणांत खायचे आणि दोन आठवडे 17 छोट्या वाट्यांत, जवळजवळ तासातासाला. चरत राहण्याच्या काळात वाईट कोलेस्टेरॉल साडेतेरा टक्क्यांनी कमी दिसले आणि इन्सुलिनची सरासरी पातळी जवळजवळ 28 टक्क्यांनी. निकाल नेटका होता, मासिक नामांकित होते, आणि ‘थोडे थोडे, वारंवार’ या घोषणेला शास्त्राचा शिक्का मिळाला.

या प्रयोगाला जे विचारलेच गेले नव्हते ते उत्तर नंतर त्याच्या तोंडी घातले गेले. प्रश्न रक्तातल्या चरबीचा होता, वजनाचा नव्हता. अन्न मोजून-मापून दिलेले होते. घरात, ऑफिसात, प्रवासात 17 वेळा हात पुढे केल्यावर माणूस किती खाईल हे त्याने तपासले नव्हते. आणि 17 वेळा खाणे ही प्रयोगशाळेतली टोकाची मांडणी होती, दिनक्रमाचा सल्ला नव्हता. 1990 च्या दशकातल्या व्यायामशाळा, आहारसल्ल्याची पुस्तके आणि पूरक आहार विकणारे यांनी मात्र त्यातून ‘चयापचयाची भट्टी पेटती ठेवा’ असा अर्थ काढला. सहा वेळा खा, शरीर सहा वेळा उष्मांक जाळेल. सहा वेळा खायचे तर मधल्या तीन वेळांसाठी काहीतरी विकतही घ्यावे लागते, हे विकणाऱ्यांच्या चांगलेच पथ्यावर पडले.

हा दावा साध्या हिशेबात बसत नाही. अन्न पचवायला शरीर जी ऊर्जा खर्च करते ती मिश्र आहारात साधारण दहा टक्के असते. 1800 कॅलरी तीन वेळा 600 करून खाल्ल्या तर प्रत्येक वेळी 60, एकूण 180. सहा वेळा 300 करून खाल्ल्या तर प्रत्येक वेळी 30, एकूण पुन्हा 180. भट्टी कितीही वेळा उघडली तरी लाकूड तेवढेच.

मग पाहण्यांमध्ये वारंवार खाणारे सडपातळ का दिसत होते? याचे उत्तर 1997 च्या एका आढाव्यात आले, आणि माझ्या मते या विषयावर छापलेल्या मजकुरात ते सर्वांत उपयोगी आहे. काय खाल्ले हे लोक स्वतःच वहीत लिहीत. 1980 च्या दशकात शरीराचा खरा ऊर्जाखर्च मोजण्याची पद्धत माणसांवर वापरात आली. खास खुणेचे पाणी प्यायला द्यायचे आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासायचे. तेव्हा कळले की वहीतले खाणे आणि खरे खाणे यांत मोठी तफावत आहे, आणि वजन जास्त असलेल्यांत ती अधिक. वहीतून पहिल्यांदा काय गळते? दुपारचे जेवण कुणी विसरत नाही. जाता-येता तोंडात टाकलेले बिस्किट, मुलाच्या ताटलीत उरलेला घास, चहाबरोबरचे दोन तुकडे हेच गळतात. म्हणजे कमी लिहिणारा माणूस कागदावर कमी वेळा खाणाराही ठरतो. शिवाय वजन वाढलेले कित्येक जण ते उतरवण्यासाठी आधीच एखादी वेळ टाळत असतात. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल झाली होती. ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजलेल्या प्रयोगांत खाण्याच्या वेळांनी 24 तासांच्या खर्चात फरक पडत नव्हता.

त्यानंतरच्या चाचण्यांनी हेच पुढे नेले. 2010 मध्ये 16 लठ्ठ व्यक्तींना आठ आठवडे सारख्याच कमी कॅलरींवर ठेवले; काहींना तीन वेळा, काहींना तीन जेवणे अधिक तीन मधली खाणी. वजनातली घट सारखीच. 2014 मध्ये चेक देशातच 54 मधुमेहींवर चाचणी झाली. तेवढ्याच कॅलरी सहा वेळा विभागून घेतल्यावर 12 आठवड्यांत 2.3 किलो उतरले, तर फक्त न्याहारी आणि दुपारचे जेवण घेतल्यावर 3.7 किलो. त्याच्या पन्नास वर्षे आधी ज्या देशातून ‘जास्त वेळा खा’चे सूतोवाच झाले, तिथूनच उलटा पुरावा आला. कोलेस्टेरॉलचा धागा मात्र पूर्ण तुटला नाही. 2001 मध्ये इंग्लंडमधल्या चौदा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत दिवसातून सहा किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल एक-दोनदा खाणाऱ्यांपेक्षा सुमारे पाच टक्के कमी दिसले होते.

हा वाद तज्ज्ञांत चालू असताना लोकांचे खाणे कुणाची वाट पाहत थांबले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहण्यांत 1977-78 मध्ये 71 टक्के प्रौढ दिवसातून एकदा तरी मधले काही खात. 2003-06 पर्यंत हे प्रमाण 97 टक्क्यांवर गेले. हे आकडे थोडे जपून वाचावे लागतात, कारण ‘मधले’ कशाला म्हणायचे हे कुठे खाणारा स्वतः ठरवतो, कुठे घड्याळ, तर कुठे कॅलरींची मर्यादा. पण 71 आणि 97 मधले अंतर व्याख्येच्या घोळात बुडण्याइतके लहान नाही.

किती वेळा यावरून लक्ष काय खाता याकडे वळले ते याच सुमारास. बाजाराने आधी स्वतःचा तोडगा काढला. 2004 पासून शंभर कॅलरींची छोटी पाकिटे निघाली. काही प्रयोगांत माणसे छोट्या पाकिटांतून मोठ्याइतकेच किंवा जास्तच खाताना दिसली, कारण छोटे पाकीट उघडताना मनाला टोचणी लागत नाही. दुसऱ्या बाजूला बदामासारख्या पदार्थांचा पुनर्विचार झाला. 28 ग्रॅम बदामांत सुमारे 170 कॅलरी असे वेष्टनावर छापले जाई. 2012 मध्ये माणसांना ते खाऊ घालून, मलमूत्रातून बाहेर काय पडते हेही मोजले तेव्हा शरीराला प्रत्यक्षात 129 च मिळतात असे निघाले. दातांनी न फुटलेल्या पेशींमधली चरबी तशीच बाहेर जाते. पुढच्या प्रयोगात बदाम दळून त्याचे लोणी केले तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. तेच बदाम, पण चावण्याचे काम यंत्राने केलेले.

अतिप्रक्रिया केलेल्या, म्हणजे कारखान्यात बरेच बदल होऊन पाकिटात आलेल्या, अन्नाची चर्चा इथूनच पुढे जाते. अन्नावर किती प्रक्रिया झाली यावरून त्याची वर्गवारी 2009 मध्ये ब्राझीलमधून मांडली गेली. 2019 मध्ये 20 जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन-दोन आठवडे दोन प्रकारचा आहार दिला, एक अतिप्रक्रिया केलेला आणि एक फारशी प्रक्रिया न केलेला, हवे तेवढे खाण्याची मुभा ठेवून. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर ते रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते, आणि भराभरा खात होते. धोरणेही पाकिटाकडेच वळली. चिलीने 2016 मध्ये साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन सक्तीचे केले. इंग्लंडने ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांत पैसे देण्याच्या रांगेजवळ असे पदार्थ मांडायला बंदी घातली. दर दोन तासांनी खावे की नाही यावर हे नियम काहीच बोलत नाहीत.

खाण्याच्या वेळेचा प्रश्न मात्र वेगळ्या रूपात परतला आहे. 2012 मध्ये तेच चरबीयुक्त अन्न काही उंदरांना चोवीस तास आणि काहींना फक्त आठ तासांच्या अवधीत असे देऊन पाहिले. अवधी पाळणारे उंदीर जाड झाले नाहीत. माणसांत चित्र इतके गोंडस नाही. 2022 मध्ये चीनमधल्या 139 लठ्ठ व्यक्तींच्या वर्षभराच्या चाचणीत कॅलरी कमी करण्याला आठ तासांची मर्यादा जोडून वजनात लक्षणीय जादा फायदा झाला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात 16 जणांचे तेच जेवण सुमारे चार तास पुढे ढकलले. त्यांची भूक वाढली आणि जागेपणीचा ऊर्जाखर्च सुमारे पाच टक्क्यांनी घटला. प्रयोग 16 जणांचा, प्रत्येक वेळापत्रकावर जेमतेम सहा दिवसांचा. त्यावरून ‘संध्याकाळनंतर तोंड बंद’ हा सल्ला आहारसल्लागारांच्या यादीत चढलाही आहे.