प्रथमोपचारातला 'सी' नेमका कोणता?

आपत्कालीन पथकात दाखल झालेल्या नव्या माणसाकडून पहिल्या काही तासांतच एक क्रम घोकून घेतला जातो. वीस वर्षांपूर्वी शिकलेला तो 'ए-बी-सी' असा म्हणेल, त्यानंतरचा 'सी-ए-बी' आणि लष्करी पठडीतला 'सी-ए-बी-सी'. तिघेही आपापल्या जागी बरोबर. 'ए' म्हणजे श्वासमार्ग (एअरवे) आणि 'बी' म्हणजे श्वासोच्छ्वास (ब्रीदिंग), यावर सगळ्यांचे एकमत. पंचाईत अशी की पहिल्याचा 'सी' म्हणजे रक्ताभिसरण (सर्क्युलेशन), दुसऱ्याचा छातीदाब (कम्प्रेशन) आणि तिसऱ्याचा सुरुवातीचा 'सी' म्हणजे जीवघेणा (कॅटास्ट्रॉफिक) रक्तस्राव. एकाच अक्षराच्या डोक्यावर तीन कामे आली, तीही तीन वेगळ्या कारणांनी, आणि शिकवताना नेमकी ती कारणेच गळतात. मराठी अक्षरे वापरून सुटका करून घ्यावी, तर श्वासमार्ग आणि श्वासोच्छ्वास दोन्ही 'श्वा'पासूनच सुरू होतात. त्यामुळे मराठीतून चालणाऱ्या वर्गातही ए, बी, सीच चालतात.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकात बुडालेल्याला शुद्धीवर आणण्यासाठी गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडत. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे हात वर ओढणे, पाठ दाबणे असे प्रकार चालले. खरे वळण १९५० च्या दशकाच्या शेवटी आले. औषधाने स्नायू लुळे केलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग झाले आणि दिसून आले, की डोके मागे झुकवून हनुवटी उचलल्याशिवाय घशातला अडथळा दूर होत नाही. तो दूर झाला की तोंडाने दिलेला श्वास पुरेसा ठरतो. छाती बाहेरून दाबून रक्त फिरते ठेवता येते, हे सांगणारा शोधनिबंध १९६० चा. त्यात अवघे २० रुग्ण होते, त्यांतले १४ वाचले. म्हणजे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम शोधांच्याही क्रमाशी जुळतो. त्यात वर्णमालेची साथ मिळाली आणि तो पक्का बसला. पुढची चार-पाच दशके कोणी त्याला हात लावला नाही, याचे अर्धे श्रेय वर्णमालेलाच द्यावे असे मला वाटते.

ढिलाई आधी तपशिलांत आली. २००० मध्ये सामान्य माणसाने नाडी तपासण्याची अट काढली गेली, कारण घाईत नाडी सापडतच नाही किंवा नसलेली सापडते. २००५ मध्ये १५ दाबांमागे २ श्वास हे प्रमाण ३० ला २ झाले. मग २०१० मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनी क्रमच उलटला: आधी छातीदाब, मग श्वासमार्ग, मग श्वास.

त्यामागचा विचार असा. प्रौढ माणूस चालता चालता कोसळतो तेव्हा बहुतेकदा बिघाड हृदयाच्या ठोक्यात असतो. त्या क्षणी रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतोच. ते रक्त मेंदूपर्यंत ढकलणारे कोणी नसते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब सलग छातीदाबांनी हळूहळू चढतो आणि हात उचलला की लगेच कोसळतो. सरावाच्या पुतळ्याशेजारी बसून पाहिले तर जुन्या क्रमाची किंमत कळते. शिकणारा गुडघ्यांवर बसतो, डोके झुकवतो, कान नाकाशी नेतो, छाती हलते का ते पाहतो, मग मास्क शोधतो, तो नीट बसत नाही, पुन्हा बसवतो. छातीवर हात पडेपर्यंत अर्धे मिनिट सहज गेलेले असते. शिवाय हृदय थांबल्यावरही काही जण माशासारखे आचके देतात आणि पाहणाऱ्याला तो श्वास वाटतो. म्हणून 'पाहा, ऐका, अनुभवा' ही पायरीही त्याच वर्षी गेली.

वाद इथून पुढे. बुडालेला, गुदमरलेला, अफूजन्य औषधांचा अतिरेक झालेला माणूस किंवा लहान मूल यांच्यात गोष्ट उलटी असते: आधी प्राणवायू संपतो, मग हृदय थांबते. तिथे छाती दाबून फिरवायचे ते रिकामे रक्त. युरोपीय तत्त्वांनी मुलांसाठी आणि बुडालेल्यांसाठी सुरुवातीचे ५ श्वास कायम ठेवले. अमेरिकन बाजूने मुलांनाही नवाच क्रम लावला. ३० दाबांना जेमतेम १८ सेकंद लागतात आणि सगळ्यांना एकच क्रम शिकवणे सोपे, हा युक्तिवाद. सोपेपणाचा मुद्दा वाटसरूपुरता पटतो. पण पथकात दोघे-तिघे असतात, हाताशी पिशवी-मास्क (पिशवी दाबून श्वास देण्याचे साधन) असतो. एक छातीवर, दुसरा डोक्याशी, दोन्ही कामे एकदम सुरू होतात. एकट्या वाटसरूसाठी केलेली सोय प्रशिक्षित पथकांनी पोथीसारखी पाळावी, हे काही मला झेपलेले नाही.

तिसरा 'सी' रणांगणातून आला. अवयव आवळून रक्त थांबवणारी पट्टी, टूर्निके, सतराव्या शतकापासून युद्धात दिसते. पहिल्या महायुद्धानंतर ती बदनाम झाली. ढिली बांधली तर फक्त शिरा दबतात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. तासन् तास विसरली तर अवयव जातो. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत कित्येक दशके 'अगदी शेवटचा उपाय' हाच शेरा राहिला. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत तो पुसला गेला. बगदादमधल्या एका लष्करी रुग्णालयाच्या नोंदींत, शॉकची (रक्त कमी पडून रक्ताभिसरण ढासळल्याची) लक्षणे येण्याआधी टूर्निके बांधलेल्यांपैकी ९० टक्के वाचले, नंतर बांधलेल्यांपैकी १० टक्के. टूर्निकेमुळे अवयव गमावल्याची एकही नोंद त्यात नव्हती. २००६ मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी जुन्या ए-बी-सीच्या पुढे आणखी एक 'सी' लावला. २०१३ नंतर ही पट्टी नागरी पथकांच्या पेटीतही झपाट्याने आली: जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर नको, रक्त थांबेपर्यंत पट्टी आवळणारी तिच्यातली काडी पिळायची आणि बांधल्याची वेळ तिच्यावरच लिहायची. ती वेळ लिहिलेली नसेल, तर पुढे रुग्णालयात सगळेच अंदाजावर येते.

तिच्या पुनरागमनाचा एक उपद्रवही झाला. 'टूर्निके आता चालते' एवढेच ऐकून ती सर्पदंशालाही बांधली जाते. तिथला सल्ला बदललेला नाही: आवळपट्टी नको, अवयव हलू न देता रुग्णालय गाठायचे.

बुडालेल्यांबाबतचा वाद मात्र बराचसा मिटल्यात जमा आहे. २०२४ मध्ये अमेरिकन तत्त्वांत फक्त या विषयापुरती सुधारणा निघाली, आणि प्रशिक्षित माणसाने बुडालेल्याला आधी श्वास देऊन सुरुवात करण्याला तिने मोकळीक दिली. म्हणजे पाण्याकाठी पुन्हा 'ए'च आधी.