पाऊण रक्ताची गाय आणि पुढची कांडी

गीर गाईला होल्स्टिन (एचएफ) या विदेशी जातीची कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची (वीर्याची) बारीक नळी, भरली, कालवड झाली आणि व्यायल्यावर ती आईपेक्षा कितीतरी जास्त दूध देऊ लागली. इथवर गणित सरळ आहे. अडचण सुरू होते ती कालवड व्यायल्यानंतर पुन्हा माजावर येते तेव्हा. हिला आता काय भरायचं? बहुतेक गोठ्यांत उत्तर ठरलेलं असतं: पुन्हा एचएफच. दूध वाढलं ना, मग आणखी वाढेल.

वासराला निम्मं रक्त आईकडून येतं, निम्मं बापाकडून. त्यामुळे निम्म्या रक्ताच्या गाईला होल्स्टिन भरलं की ७५ टक्क्यांची, म्हणजे पाऊण रक्ताची, कालवड होते, तिला पुन्हा भरलं की ८७.५ टक्क्यांची. हा टक्का सगळ्यांना पाठ असतो. पण जनुकं जोडीने असतात, आणि त्या जोड्यांचा हिशोब टक्क्यात दिसत नाही. पहिल्या पिढीत प्रत्येक जोडीतलं एक जनुक गीरचं, एक होल्स्टिनचं. एका बाजूची प्रत सदोष असली तर दुसरी बहुधा तिला झाकते. यातून येणाऱ्या जादा ताकदीला संकर-जोम म्हणतात. पहिल्या पिढीचा जोम १०० धरला, तर ७५ टक्क्यांच्या गाईत तो ५० उरतो, कारण तिच्या निम्म्या जोड्यांत दोन्ही बाजू होल्स्टिनच्याच असतात.

‘झाकणं’ म्हणजे काय, ते एका वळूवरून कळेल. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेला पॉनी फार्म अर्लिंडा चीफ हा होल्स्टिन वळू दुधासाठी इतका नावाजला, की त्याचा वंश जगभर पसरला. त्याच्या एका जनुकात दोष होता. एक प्रत असलेली गाय धडधाकट असते, तिच्याकडे पाहून काहीच कळत नाही. दोन्ही बाजूंनी तोच दोष आला, तर वासरू पोटातच मरतं. या एका दोषामुळे जगभरात पाच लाखांहून जास्त गर्भ वाया गेल्याचा अंदाज आहे. गोठ्यात मात्र दिसतं ते एवढंच, की ‘गाय उलटली’, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि बोल लागतो कांडी भरणाऱ्याला. निम्म्या रक्ताच्या कालवडीत हा दोष जोडीने येऊच शकत नाही, कारण दुसरी बाजू गीरची असते. तिलाच पुन्हा होल्स्टिन भरलं की ती वाट उघडते.

जोमाचा फायदा दुधात थोडा आणि गाभण राहणं, आजाराला तोंड देणं, जास्त वेतं टिकणं यांत मोठा. हे गुण आनुवंशिकतेने फार कमी उतरतात. म्हणून नुसत्या निवडीने ते सुधारायला पिढ्या लागतात. संकराने एका पिढीत फरक पडतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने घडवलेली फुले त्रिवेणी इथे पाहण्यासारखी आहे. जर्सी आणि गीर यांच्या संकरित गाईला होल्स्टिनचा वळू: रक्त ५० टक्के होल्स्टिन, २५ जर्सी, २५ गीर. म्हणजे विदेशी रक्त हिच्यातही ७५ टक्केच. पण ७५ टक्के एचएफ गाईच्या ज्या निम्म्या जोड्या होल्स्टिन-होल्स्टिन असतात, त्या हिच्यात होल्स्टिन-जर्सी असतात. टक्का तोच, गाय वेगळी. होल्स्टिन आणि जर्सी दोन्ही युरोपातल्या, त्यामुळे त्यांच्यातला जोम गीरबरोबरच्या जोमाइतका नसतो. तरी होल्स्टिनवर होल्स्टिनपेक्षा बराच. शिवाय जर्सीमुळे फॅट वाढतं. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, त्यामुळे ते लगेच पैशात दिसतं.

त्रिवेणीला त्रिवेणीचाच वळू दाखवत गेलं, तर होल्स्टिन-जर्सी जोड्याही पूर्ण धरून जोम ६२.५ वर स्थिरावतो. ब्राझीलच्या गिरोलांडोत, म्हणजे ५/८ होल्स्टिन आणि ३/८ गीर अशा गाईत, तो सुमारे ४७ राहतो. त्या जातीतली गीर मूळची भारतातून गेलेली. रक्त ६२.५ टक्क्यांवर आणायला तिथे पाऊण रक्ताची गाय आणि निम्म्या रक्ताचा वळू, किंवा उलट, अशी जोडी लावतात.

मग आपल्या निम्म्या रक्ताच्या गाईला काय भरायचं? हे गोठ्यावर ठरतं. बारमाही हिरवा चारा, सावली, पंखे आणि फवारे असतील, तर होल्स्टिन भरायला हरकत नाही. फक्त वळू वेगळ्या वंशाचा घ्या. चारा बेताचा असेल तर संकरित वळूची कांडी घेऊन रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांत ठेवणं शहाणपणाचं. मधला मार्ग जर्सीचा. ज्यांचं दूध फॅटवर जातं त्यांनी तो आधी पाहावा. आणि देवणी, खिल्लार, डांगी, लाल कंधारी अशी शुद्ध गाय दारात असेल तर संकराच्या भानगडीत पडूच नये, तिला तिच्याच जातीचा वळू द्यावा.

उन्हाचं एक माप लक्षात ठेवावं. तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ च्या वर गेला की जास्त दूध देणारी होल्स्टिन तापू लागते. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता एवढ्यानेच हा आकडा गाठला जातो. आपल्याला छान वाटणारी हवा तिला बाधायला लागलेली असते. ३० अंशाला तो ७८ होतो. गाय चारा कमी खाते, माज मुका जातो, म्हणजे त्याची चिन्हं दिसतच नाहीत.

कांडी योग्य निवडली तरी भरताना चूक झाली तर सगळं फुकट. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण स्त्रीबीज माज संपल्यावर १० ते १२ तासांनी सुटतं. कांडी पाव मिलिलिटरची, तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू, आणि ती उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. चिमट्याने उचलून ती ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद धरायची. खिशात किंवा तळहातावर वितळवली तर शुक्राणू मरतात. बाहेर काढल्यावर पुसून कोरडी करायची, पाण्याचा एक थेंबही बाधतो. कांडी बसवलेली गन (भरायची लांब नळी) गर्भाशयमुखाच्या कड्यांपलीकडे गेली की लगेच थांबायचं; आणखी आत ढकललं तर रेत गर्भाशयाच्या दोन शिंगांपैकी (फाट्यांपैकी) एकातच जातं. कालवडीला वयापेक्षा वजन पाहून भरा, संकरित कालवड २५० किलोच्या वर असावी. लिंगनिर्धारित कांडीत, म्हणजे बहुधा कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या रेतात, शुक्राणू फारच कमी असतात, म्हणून ती वारंवार उलटणाऱ्या गाईवर वाया घालवू नये.

संकरित गाईचा खास शत्रू म्हणजे थायलेरिया हा गोचिडीमुळे होणारा रोग. देशी गाय तो बहुतेक सहन करते, संकरित गाय आडवी होते. १०४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, नंतर डोळ्यांच्या आतली कडा पांढरी, ही चिन्हं. पशुवैद्यक किलोला २.५ मिलिग्रॅम या हिशोबाने बुपार्व्हाक्वोन हे औषध टोचतात. जितका उशीर, तितका गुण कमी. हा रोग पसरवणारी गोचीड गोठ्याच्या भेगांत लपते. नुसत्या गाईवर फवारून भागत नाही, भिंतींच्या फटी लिंपाव्या लागतात.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो आणि बहुधा तो कांडीसोबत उकिरड्यात जातो. तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली गेली, तर होणाऱ्या वासराच्या २५ टक्के जोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता असते. वहीत चार रकाने पुरतात: गाईच्या बिल्ल्याचा क्रमांक, माज दिसल्याची वेळ, वळूचा क्रमांक, आणि २१ व्या दिवशी उलटली की नाही.