आडात नसताना सोडलेला पोहरा

प्रार्थनेला बसलं तरी काही वाटत नाही, ही तक्रार ख्रिस्ती घरांत नवी नाही. ओठ हलतात, रोझरीचे मणी पुढे सरकतात आणि मन कोरडं ठणठणीत. मग धास्ती वाटते, माझी श्रद्धाच आटली की काय? या शुष्कतेचा अर्थ ख्रिस्ती परंपरेत फार बदलत गेला. तिच्यावरचा उपाय मात्र जवळपास तोच राहिला.

मुळात बायबलच ही गोष्ट लपवत नाही. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र रात्रंदिवस देवाला हाका मारणाऱ्या माणसाचं आहे आणि ते सरळ अंधारावरच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी संन्यासी राहू लागले, तेव्हा या अवस्थेला नाव मिळालं : अकेडिया. त्यांच्यापैकीच एक, 399 साली वारलेल्या इव्हाग्रिअसने तिचं वर्णन केलंय ते आजच्या ऑफिसातल्या दुपारलाही लागू पडेल. सकाळी दहाच्या सुमारास हा 'दुपारचा सैतान' येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाच्या वेळेला, म्हणजे तीन वाजायला, किती अवकाश आहे ते बघतो. कुणी भेटायला येतंय का ते बघतो. मग जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो, घरची माणसं आठवतात. इव्हाग्रिअसचा सल्ला एवढाच, की खोली सोडू नकोस. याच वाळवंटातले आद्य संन्यासी संत अँथनी यांची गोष्टही याच वळणाची. ते असेच कंटाळून बसले असता त्यांना आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, मध्येच उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. तो देवदूत होता आणि 'असंच कर' एवढंच सांगून गेला.

पुढे घोळ झाला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरींनी पापांची यादी नव्याने लावली, त्यात अकेडिया औदासीन्यात मिसळून गेला. कालांतराने त्या जागी 'आळस' येऊन बसला. माझ्या मते यात प्रामाणिक माणसांवर मोठा अन्याय झाला. कोरडा पडलेला तो आळशी, असा हिशेब सोपा असतो, पण खरा असेलच असं नाही.

तो हिशेब सोळाव्या शतकात स्पेनमध्ये मोडला. आविला गावच्या तेरेजा 1535 साली कार्मेलाइट या संन्यासी संघाच्या मठात गेल्या. आपल्या आत्मचरित्रात त्या कबूल करतात, की काही वर्षं प्रार्थनेच्या तासात त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे असे, कधी एकदा टोला पडतो म्हणून. अठरा वर्षं त्या पुस्तक हाताशी नसताना प्रार्थनेला बसायला धजत नसत. त्यांनी प्रार्थनेला बागेची उपमा दिली. बागेला पाणी चार तऱ्हांनी मिळतं : विहिरीतून शेंदून, रहाटाने, पाटाने आणि पावसाने. पहिल्या तऱ्हेत कष्ट सगळ्यांत जास्त, आणि कधी कधी कितीही वेळा पोहरा सोडला तरी तो रिकामाच वर येतो. आपली म्हण सांगते, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेरेजांचं म्हणणं, तरी सोडायचा. बाग धन्याची आहे, माळ्याने आपलं काम करावं.

त्यांचे सहकारी क्रूसाचे संत योहान यांना डिसेंबर 1577 मध्ये त्यांच्याच संघातल्या विरोधकांनी धरून टोलेडोच्या मठात कोंडलं. जेमतेम झोपता येईल एवढी खोली होती. ऑगस्ट 1578 मध्ये ते तिथून निसटले. 'अंधारी रात्र' ही कल्पना त्यांचीच. आई बाळाचं अंगावरचं दूध तोडताना स्तनाला कोरफड लावते, तसा देव प्रार्थनेतली गोडी काढून घेतो, असं ते लिहितात. म्हणजे कोरडेपणा हा दरवेळी दोष नसतो, तो वाढीचा टप्पाही असू शकतो. मात्र ओळखायच्या खुणाही त्यांनी दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण दुसऱ्या कशातही नाही. आपण देवाची सेवा नीट करत नाही ही टोचणी कायम. आणि पूर्वीसारखं मनन जमतच नाही. आळशाला टोचणी नसते, हा त्यातला कळीचा मुद्दा.

त्याच शतकातले, जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला जास्त व्यवहारी होते. 1548 साली छापलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात सूचना आहे, की मन उजाड असताना प्रार्थनेचा ठरलेला तास कमी करू नये, उलट थोडं जास्तच बसावं. आणि अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नये.

या परंपरेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. कोलकात्यातलं काम सुरू झाल्यापासून त्यांच्या प्रार्थनेत अंधारच होता. 1961 साली त्यांनी हे जोसेफ नॉयनर या जेसुइट फादरांना सांगितलं. नॉयनर यांनी पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं होतं. 2009 साली पुण्यातच ते वारले. त्यांनी मदरना सांगितलं, की यावर माणसाकडे उपाय नाही, त्यात तुमचा दोषही नाही, आणि देवाची एवढी ओढ लागणं हीच तो असल्याची खूण आहे. मदरनी उत्तरात लिहिलं, की अकरा वर्षांत पहिल्यांदाच हा अंधार आपल्याला प्रिय वाटू लागलाय. अंधार गेला नाही. चॅपलमधली रोजची वेळही त्यांनी चुकवली नाही.