ऑइलमध्ये ओतायची बाटली आली कुठून

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या इंजिन ऑइलच्या प्रतवारीत अगदी खालच्या पायरीवर 'एसए' नावाची श्रेणी आहे. हे नुसतं खनिज तेल, वरून कोणतंही गुण वाढवणारं रसायन, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह, न घातलेलं. १९३० नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते चालणार नाही, असं संस्था स्वतःच सांगते. जुन्या गाडीत अ‍ॅडिटिव्हची बाटली ओतावी की नाही, हा वाद कानावर आला की मला ही तळाची पायरी आठवते. कारण आज दुकानातून आणलेल्या ऑइलच्या डब्यातला दहावा हिस्सा, अनेकदा त्याहूनही जास्त, रसायनांचाच असतो. अ‍ॅडिटिव्ह घालायचं की नाही हे कधीच ठरून गेलं आहे. वाद उरलाय तो डब्यात असलेल्यावर आणखी ओतण्याचा.

सुरुवातीच्या गाड्यांना खरोखरच काहीतरी कमी पडत होतं. त्या काळचं ऑइल थंडीत मेणासारखं थिजायचं, तापलं की पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये काळं पडायचं. १९११ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ऑइलला दाटपणाचे आकडे दिले, पण ते फक्त दाटपणाचे. ऑइल टिकेल किती, इंजिन स्वच्छ ठेवेल का, याबद्दल त्यात काही नव्हतं. ही उणीव बाटलीवाल्यांनी हेरली. अमेरिकेत १९२३ मध्ये 'मार्व्हल मिस्टरी ऑइल' आलं, मुळात कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, अडकणाऱ्या घाणीवर उपाय म्हणून. १९३९ मध्ये 'विन्स' आणि 'बार्डाल' अशा दोन कंपन्या उभ्या राहिल्या. पहिलीचा संस्थापक निवृत्त वकील होता, दुसरीचा नॉर्वेहून आलेला स्थलांतरित. या मंडळींना सरसकट भोंदू म्हणणं अन्यायाचं होईल. साध्या तेलात काहीही शहाणपणाने मिसळलं तर फरक पडावा, अशीच तेव्हाची परिस्थिती होती.

खरी उलथापालथ मात्र डिझेल इंजिनांमुळे झाली. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांतल्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा खाचेतच चिकटून बसू लागल्या. अर्धवट जळलेलं ऑइल लाखेसारखं घट्ट होऊन रिंगांना धरून ठेवी. मग दाब गळायचा, धूर यायचा आणि इंजिन खोलावं लागायचं. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने १९३५ च्या सुमारास धातूच्या साबणासारखं एक संयुग ऑइलमध्ये घातलं आणि रिंगा मोकळ्या राहू लागल्या. आज 'डिटर्जंट' म्हणतात त्या घटकाची ही सुरुवात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने अशा ऑइलसाठी स्वतःचे निकष ठरवले, आणि युद्धानंतर ही रसायनं सर्वसामान्य गाड्यांच्या डब्यात आली.

त्यात एक गंमत झाली, आणि ती आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. नवं डिटर्जंट ऑइल जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात घातलं की वर्षानुवर्षं साचलेला गाळ सुटायचा आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकायचा. म्हणजे 'जुन्या गाडीला अ‍ॅडिटिव्ह सोसत नाही' अशी भीती मेकॅनिकांत पहिल्यांदा पसरली, ती डब्यातल्या अ‍ॅडिटिव्हची. इंजिन फ्लशच्या, म्हणजे आतला गाळ धुऊन काढणाऱ्या द्रवाच्या, बाबतीत तीच भीती आजही खरी ठरते. भरपूर गाळ असलेल्या इंजिनात तो एकदम सोडवणं म्हणजे तुंबलेली मोरी पुढच्या वळणावर नेऊन तुंबवणं.

याच काळात झिंक डायथायोफॉस्फेट आलं. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'झिंक' म्हणतात, कागदोपत्री 'झेडडीडीपी'. १९४० च्या दशकात ते तांबे-शिशाच्या बेअरिंग गंजू नयेत आणि ऑइल लवकर खराब होऊ नये म्हणून घातलं जाई. धातू धातूवर घासतो तिथे ते पातळसा रक्षक थर बनवतं आणि कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याची) झीज थांबवतं, हा त्याचा मोठा गुण नंतर ध्यानात आला. मग दाटपणा सांभाळणारे पॉलिमर आले, त्यांच्या जोरावर थंडीत आणि उष्णतेत दोन्हीकडे चालणारं मल्टिग्रेड ऑइल आलं, काजळीचे कण तरंगते ठेवणारे घटक आले. १९६० च्या दशकाअखेर चांगल्या डब्यात जवळपास सगळं होतं.

आणि नेमका तेव्हाच बाटलीचा धंदा सगळ्यात जोरात होता. 'एसटीपी' १९५३ मध्ये मिसूरी राज्यात तीन जणांनी तीन हजार डॉलरवर सुरू केली. बाटलीत मुख्यतः होतं ऑइल दाट करणारं पॉलिमर. १९६३ मध्ये अँडी ग्रॅनटेली कंपनीचा प्रमुख झाला आणि लाल लंबगोलातली ती तीन अक्षरं रेसच्या गाड्यांपासून मुलांच्या सायकलींपर्यंत सगळीकडे चिकटली. टीव्हीवरच्या जाहिरातीत एसटीपीत बुडवलेलं स्क्रूड्रायव्हरचं टोक बोटांच्या चिमटीत धरून दाखवायचं आव्हान असे, ते निसटायचंच. बोटांतून निसटणं आणि बेअरिंग वाचणं यांचा संबंध काय, हे विचारायला कोण थांबतंय! १९६९ मध्ये मारियो आंद्रेत्तीने ग्रॅनटेलीच्या गाडीतून इंडियानापोलिस ५०० ही मोटारशर्यत जिंकली, तेव्हा तर बोलायलाच नको.

झिजलेल्या इंजिनात अशा दाट द्रवाने फरक जाणवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. रिंग आणि सिलिंडरमधली फट रुंदावलेली असते. दाट ऑइल तिथून कमी गळतं, निळा धूर कमी होतो, टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या भागाचा) आवाज दबतो, ऑइल प्रेशरचा काटा थोडा वर चढतो. गाडी विकणाऱ्याला एवढं पुरतं. पण झीज जिथल्या तिथे राहते आणि थंड इंजिन सुरू होताना दाट ऑइल वरच्या भागात पोचायला उशीर लावतं. शिवाय हाच परिणाम एक पायरी दाट ग्रेडचं ऑइल घालूनही मिळतो. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने १९७१ मध्ये एसटीपीवर टीका केली ती साधारण याच अंगाने. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑइल कमी खर्च होण्याच्या दाव्यांवर हरकत घेतली. १९७८ मध्ये कंपनीने पाच लाख डॉलर दंड भरला, आणि या तडजोडीची माहिती देणाऱ्या जाहिराती छापायला आणखी दोन लाख मोजले.

१९८० च्या दशकात दाटपणाची जागा टेफ्लॉनने घेतली. 'स्लिक ५०' सारख्या उत्पादनांचं म्हणणं असं की पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनचेच, कण इंजिनच्या आतल्या धातूवर कायमचा थर देतात. पण नॉनस्टिक भांड्यावर हा थर बसवायला खरवडलेला स्वच्छ पृष्ठभाग आणि भट्टीची उष्णता लागते. पीटीएफई वितळतंच ३२७ अंश सेल्सिअसला. चालत्या इंजिनातलं ऑइल त्याच्या आसपासही जात नाही, आणि ऑइलने भिजलेल्या धातूवर काही चिकटणं त्याहून अवघड. फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या १९९७ च्या तडजोडीत स्लिक ५० च्या मालक कंपन्यांनी ग्राहकांसाठी किमान एक कोटी डॉलरची भरपाई कबूल केली. पुढच्या काही वर्षांत ड्युरा ल्यूब आणि झीमॅक्स या अशाच उत्पादनांवरही कमिशनने कारवाई केली.

फिरत्या कड्यावर धातूचा ठोकळा दाबून दाखवायचं प्रात्यक्षिकही याच काळात लोकांनी खूप पाहिलं. साध्या ऑइलने कडं अडकतं, बाटलीतले चार थेंब पडले की फिरत राहतं. ते यंत्र मुळात ग्रीस आणि गिअर ऑइल तपासायचं. बाटलीतलं क्लोरीनयुक्त पॅराफिन त्यात हमखास जिंकतं, पण तेच इंजिनात उष्णता आणि ओलाव्याने आम्ल बनवू शकतं. इंजिनच्या बेअरिंग तर चालू असताना ऑइलच्या थरावर तरंगत असतात. धातू धातूला इतक्या जोराने भिडत नाही.

म्हणजे बाटली नेहमीच फुकट का? एक अपवाद खरा आहे, आणि तो नियमांमुळेच तयार झाला. झिंकमधला फॉस्फरस गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून पातळ ग्रेडच्या ऑइलमध्ये त्याची मर्यादा टप्प्याटप्प्याने ०.१२ टक्क्यांवरून २००४ मध्ये ०.०८ पर्यंत उतरवली गेली. टॅपेटला रोलर असलेल्या इंजिनांना त्याने काही झालं नाही. पण सपाट टॅपेट थेट कॅमवर घासतो अशा जुन्या इंजिनांना, विशेषतः नव्याने बसवलेल्या कॅमला पहिल्या तासांत, जास्त झिंक लागतं. तिथे झिंकची बाटली कामाची ठरू शकते, तीही मापात. झिंक वाढवत नेलं तर झीज कमी होत जाते असं नाही. दुसरा, छोटा अपवाद कडक झालेल्या ऑइल सीलचा. काही रसायनं रबर थोडं फुगवून मऊ करतात आणि झिरपणं थांबतं. फाटलेल्या सीलला अर्थातच काही होत नाही.

हे दोन्ही उपायही आता डब्यात शिरले आहेत. व्हॅल्व्होलिनने २००० मध्ये ७५ हजार मैलांपुढच्या गाड्यांसाठी वेगळं ऑइल काढलं, ज्यात सील मऊ ठेवणारे घटक आधीच असतात. त्यामागून इतर कंपन्यांनीही काढलं. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठी जास्त झिंकचं ऑइलही तयार मिळतं.